गणित कशाला, असं विचारणाऱ्यांना: ईस्ट लंडनच्या टाऊनशिपमधले सहा आठवडे

मार्चमध्ये आमच्या शाळेने माझ्याकडून नववीचं गणित काढून घेतलं आणि जुलैत मी दक्षिण आफ्रिकेतल्या एका नववीला गणित शिकवायला निघाले. मधल्या काळात बराच राग होता, हे आधीच सांगते. मनःशांतीच्या शोधात कोणी हा ब्लॉग उघडला असेल तर इथूनच परत फिरा. शांती मला तिथेही मिळाली नाही, आणि मी ती मागितलीही नव्हती.

माझं नाव वैजयंती. माहेर दापोली, सासर पुणे, आणि गेली वीसेक वर्षं बहरीन. नवरा शेखर इंजिनियर आहे, मुलगी मिहिका अकरावीत आहे, आम्ही सनाबिसमध्ये राहतो. इथल्या एका शाळेत मी गणित शिकवायचे. मॅनेजमेंट बदललं आणि नव्या लोकांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. काही पालकांना माझे इंग्रजी उच्चार गावठी वाटतात म्हणे.

"मॅडम, तुम्ही पाचवीच्या ॲक्टिव्हिटीज बघा. नववी-दहावीला जरा इंटरनॅशनल टच हवा."

"त्रिकोणाला कसला टच लागतो?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. शेखरने विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, शिकवणार. कुठे, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. शोधता शोधता एका संस्थेची जाहिरात सापडली: दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन शहराजवळच्या टाऊनशिपमधल्या शाळेत गणित शिकवायला स्वयंसेवक हवेत, मुलं खोसा भाषा बोलणारी. मी अर्ज भरला.

बातमी इथल्या मराठी मंडळात फुटली ती बुदैयाला नलूताईंच्या घरच्या जेवणात. नलूताई आमच्या सगळ्यांच्या मोठ्या. त्यांनी श्रीखंडाचा चमचा हवेतच धरला.

"आफ्रिका? तेही काळ्यांच्या वस्तीत? एकटी? वैजू, वय काय तुझं!"

"एक्कावन्न. आणि नलूताई, आपणही इथे बाहेरचेच ना? आपल्याबद्दल कोणी याच सुरात बोललं तर तुम्हाला चालेल?"

"ते वेगळं गं."

"कसं वेगळं?"

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढली. आमच्याकडे वाद असेच संपतात. पण मी ठरवलं, आता नाही गेले तर मी त्या पुरीखाली कायमची दबून जाईन.

शेखर आठवडाभर घुम्यासारखा वागला. मग एका शुक्रवारी चहा पिताना म्हणाला, "खलास. तू ठरवलंयस म्हणजे मी बोलून मफी फायदा, काही उपयोग नाही. फक्त रोज फोन कर." मिहिकाने मोबाईलमधून मान वर न करता सांगितलं, "आई, नाइन्थ ग्रेडर्स विल ईट यू अलाइव्ह." तिला मी म्हटलं, नववीची पोरं सगळ्या जगात तेच करतात, त्यात नवीन काय!

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती. भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधीच काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे तिकिटाआधी त्याच्या मागे लागा. मुलांबरोबर काम करायचं म्हणून पोलिसांचा दाखला मागतात. बहरीनहून थेट विमान नाही. मी आखातातच एकदा विमान बदललं, मग जोहान्सबर्ग, तिथून ईस्ट लंडनला छोटं विमान. सुट्टीच्या दिवसांत तिकिटं चढतात, लवकर काढा. आणि तिकडे तेव्हा हिवाळा असतो! जुलैत मनामाच्या दुकानात स्वेटर मागून बघा. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला ऊन लागलंय.

ईस्ट लंडनला उतरले तर वारा कानात शिट्ट्या घालत होता. शहर हिंदी महासागराच्या काठावर, हिरवं, चढउतारांचं. संस्थेने आम्हा स्वयंसेवकांना समुद्राजवळच्या एका टुमदार घरात ठेवलं होतं. बाकीचे सगळे युरोपातून आलेले, वीस-बावीस वर्षांचे, गोड आणि उत्साही. संस्थेचा समन्वयक ब्रायन आम्हाला व्हॅनमधून शाळेत नेणार होता. त्याने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, "मुलांना फक्त प्रेम द्या. बाकी सगळं आपोआप होतं." वीस वर्षं नववीला शिकवलेल्या बाईला हे वाक्य पचायला जड जातं. पण पाहुणी म्हणून मी गप्प बसले.

टाऊनशिप म्हणजे काय, ते सांगते. वर्णभेदाच्या काळात काळ्या माणसांना शहरात राहायला बंदी होती. दिवसा गोऱ्यांच्या घरी, कारखान्यात राबायचं आणि संध्याकाळी शहराबाहेर आखून दिलेल्या वस्तीत परतायचं. कायदा गेला, वस्त्या राहिल्या. आमची व्हॅन हायवे सोडून आत वळली तशी टेकड्यांवर काडेपेट्या मांडाव्यात तशी घरं दिसू लागली. काही विटांची, नीट रंगवलेली, दारात कोरफडीची झाडं. काही नुसत्या पत्र्यांची. सलून, चर्च, गाड्या धुण्याची टपरी, रस्त्यात निवांत उभ्या गाई. गाई पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

शाळेत शिक्षकांच्या खोलीत नोसिफो मॅम बसल्या होत्या. चाळिशीच्या, डोक्याला घट्ट रुमाल, गणित आणि विज्ञान दोन्ही त्यांच्याकडे. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि बसा म्हणायच्या आत विचारलं, "किती आठवडे?"

"सहा."

"मागच्या वर्षीचा तीन आठवडे होता. त्याने भिंतीवर जिराफ काढला." त्यांनी खिडकीबाहेर हात केला. खरंच जिराफ होता, मानेचा रंग उडालेला. "आमच्या भागात जिराफ नसतात. तुम्ही काय काढणार?"

"अपूर्णांक," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "खडू त्या डब्यात आहेत. वर्ग नववी ब. त्यांच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत आणि बदली शिक्षक अजून आलेला नाही. एक सांगते. तुम्ही जाल तेव्हा मुलांना तुमची सवय लागलेली नको. गणिताची लागलेली चालेल."

मला ही बाई तिथल्या तिथे आवडली.

नववी ब म्हणजे पन्नासच्या वर मुलं, एका बाकावर तिघं-तिघं. मी "मोल्वेनी" म्हटलं, म्हणजे तुम्हा सगळ्यांना नमस्कार. वर्ग खो खो हसला. मग मी इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत, माझी ओळख करून द्यायला लागले. मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. हाताची घडी, मान ताठ. तिचं नाव झिंत्ले.

"मिस, तुम्ही इतकं हळू का बोलता? आम्ही बहिरे नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं," आणि माझ्या नेहमीच्या वेगात, माझ्या दापोलीच्या इंग्रजीत सुरू झाले. कोणाचं काही अडलं नाही. माझे उच्चार गावठी असल्याची बातमी नववी ब पर्यंत पोचलीच नव्हती.

हजेरी घेताना मात्र माझी फजिती झाली. खोसा भाषेत जिभेचे टक्कारे आहेत, तीन तऱ्हेचे. खोलानी नावाच्या मुलाच्या नावातलं पहिलं अक्षर 'ख' नाहीच. बैल हाकताना आपण तोंडाच्या कडेने, दाढांपासून जीभ सोडवत जो आवाज काढतो, तो आहे. सेबिसा नावाच्या मुलीच्या नावातलं पहिलं अक्षर म्हणजे हळहळताना आपण 'च्च' करतो, ते. हे दोन्ही आवाज मी लहानपणापासून काढत आले, पण एक जनावरांसाठी आणि एक दुसऱ्याच्या दुःखासाठी. इथे त्यांची माणसांची नावं होतात. संस्थेच्या कागदावर मुलांची सोपी इंग्रजी नावं दिली होती. मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि जीभ दुखेपर्यंत नावं घोकली. बदल्यात त्यांना 'फळा' म्हणायला लावलं. पन्नास तोंडांतून 'फला' आलं. झिंत्लेने सात-आठ वेळा प्रयत्न केला, मग म्हणाली, "ठीक आहे मिस. बरोबरी झाली."

खरी अडचण दुसऱ्या दिवशी कळली. मी फळ्यावर पाव अधिक अर्धा लिहिलं. अर्ध्या वर्गाचं उत्तर आलं दोन छेद सहा. वरचे वर मिळवले, खालचे खाली. ही मुलं बीजगणिताच्या उंबऱ्यावर उभी होती आणि अपूर्णांक पायाखालून सरकत होते. याला मुलं जबाबदार नाहीत. चौथीपासून त्यांना गणित अचानक इंग्रजीत शिकवतात. घरी, रस्त्यावर, चर्चमध्ये खोसा, आणि फळ्यावर परकी भाषा. माझ्या ओळखीची गोष्ट होती ती.

शाळेच्या फाटकासमोर खिडकीएवढं एक दुकान आहे. तिथे कोटा मिळतो. कोटा म्हणजे क्वार्टर, चौकोनी ब्रेडचा पाव भाग पोखरून त्यात तळलेले बटाटे, सॉसेज आणि चक्क आंब्याचं लोणचं! त्याला तेही हिंदीसारखं अचारच म्हणतात. मी बिनसॉसेजचा घेतला. शाळेच्या तासाला झोप येईल इतका भरगच्च असतो, किंमत मात्र अगदी किरकोळ. दुकानवालीला सगळे मामा म्हणतात, कारण तिथे मामा म्हणजे आई. तर मी वर्गाला विचारलं, "मामाकडे एक कोटा आणि एक अर्धा ब्रेड मागितला, तर किती ब्रेड हातात येतो?"

"पाऊण!" सगळे एका दमात ओरडले. अर्थात त्यांच्या शब्दांत.

"आणि दोन छेद सहा म्हणजे किती?"

थोडी कुजबुज. "तिसरा हिस्सा, मिस."

"म्हणजे कोटा आणि अर्धा मिळून अर्ध्याहून कमी?"

मग खोलानी उठून म्हणाला, "मिस, म्हणजे मामा आपल्याला फसवते!" वर्ग बाकांवर हात आपटत हसला, पण त्या हसण्यात काहीतरी सुटलं. मी त्यांना आमच्या पावकी-निमकीचं सांगितलं, जुन्या काळी आमच्याकडे पावाचे आणि अर्ध्याचेसुद्धा पाढे असायचे. झिंत्ले आणि सेबिसाने ते दोन दिवसांत खोसात बसवले. पावाला इकोटा, अर्ध्याला इहाफू. सगळा वर्ग तालात म्हणायचा, पायांनी ठेका धरून.

ब्रायनच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "आपलं धोरण फक्त इंग्रजी असं आहे. मुलांच्या भल्यासाठी." मी हे नोसिफो मॅमना सांगितलं. त्या पेपर तपासत होत्या. "ब्रायनला म्हणावं, खोसामध्ये एक समीकरण सोडवून दाखव. मग धोरणाचं बोलू." आणि पहिल्यांदा आम्ही दोघी एकत्र हसलो. त्या दिवसापासून मी त्यांना सीसी म्हणू लागले, म्हणजे बहीण, आणि त्या मला. अहो-जाहो गळून पडलं.

त्याच आठवड्यात तिने मला मूळ दुखणं सांगितलं. तिकडे दहावीला मुलांना दोनातलं एक निवडावं लागतं: खरं गणित किंवा हिशेबापुरतं सोपं व्यवहारगणित. व्यवहारगणित घेतलं की इंजिनियर, डॉक्टर, अकाउंटंट हे रस्ते जवळजवळ बंद. मुख्याध्यापकांचा विचार होता की पुढच्या वर्षापासून दहावीला खरं गणित ठेवायचंच नाही. शिकवायला माणूस नाही आणि नापास मुलांमुळे शाळेचा निकाल खाली जातो. महिनाअखेर पालकांची सभा होती, तिथे ते ठरणार होतं.

"म्हणजे नववी बचं कोणी पास झालं तरी पुढे गणितच नाही?"

"नाही."

"आणि तू?"

"मी भांडणार आहे. तुला काय वाटलं, जिराफ काढणार आहे?"

माझं जे व्हायचं ते झालं होतं, पण निदान ते माझ्या पन्नाशीत झालं होतं. ही पोरं पंधरा वर्षांची होती. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर जादा तास सुरू केले. सक्ती नव्हती. सुरुवातीला बारा-पंधरा मुलं थांबायची, नंतर वीसेक. थंडीने बोटं आखडायची, तरी थांबायची.

आता फोटोंचं. तुमच्या लक्षात आलं असेल की या पोस्टमध्ये मुलांचा एकही फोटो नाही. कारण हे.

चौथ्या आठवड्यात संस्थेचे देणगीदार भेटीला आले. ब्रायन माझ्या तासाच्या मध्येच दारात उभा राहिला. "नववी बला पटांगणात घेऊन या. थोडं गाणं, थोडा नाच, पाहुण्यांबरोबर फोटो."

"तास चालू आहे."

"वैजयंती, फक्त थोडा वेळ. त्यांना गायला आवडतं!"

"आवडतं. मधल्या सुट्टीत छान गातात. पण मी त्यांनाच विचारते." मी वर्गाकडे वळले. "बाहेर पाहुणे आलेत. गाण्यासाठी बोलावलंय. ज्यांना जायचंय त्यांनी जा. मी रागावणार नाही."

तिघं-चौघं उठून गेली, त्यांना खरंच गायचं होतं. बाकी वर्ग हलला नाही. झिंत्ले बसल्या जागेवरून म्हणाली, "मागच्या वर्षी आम्ही गायलो. आमचे फोटो कुठेतरी आहेत. त्यांच्याखाली काय लिहिलंय ते आम्हाला कोणी दाखवलं नाही. मिस, ते पाचवं उदाहरण पूर्ण करा."

मी फळ्याकडे वळले. थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. पाहुणे खिडकीशी आले होते, कॅमेरे काचेला लावून वर्गाचे फोटो काढत होते. वाईट माणसं नव्हती ती, हसत होती, हात हलवत होती. खिडकीला पडदा नव्हता. झिंत्ले उठली, सेबिसाला खूण केली. दोघींनी भिंतीवरचा जगाचा मोठा नकाशा काढला आणि खिडकीवर धरून उभ्या राहिल्या. मी सहावं उदाहरण घेतलं. हात भरून आले तशा आणखी दोघी उठल्या आणि नकाशा त्यांनी धरला. पाहुणे जाईपर्यंत माझा वर्ग जगाच्या नकाशाआड गणित करत होता.

त्या संध्याकाळी ब्रायनने मला शांतपणे सांगितलं की माझा कार्यक्रम संपला आहे आणि शनिवारपर्यंत खोली रिकामी करावी. वाटलं होतं, निदान नोसिफो पाठ थोपटेल. ती उलट भडकली.

"तुला हे परवडतं, सीसी! तू विमानात बसून निघून जाशील. शाळेला छपाईचा कागद त्यांच्याकडून येतो. पेपर कशावर छापू?"

मी विचारलं, "मी चुकले का?"

"नाही. पण मला आधी विचारायचं होतंस. मीच नाही म्हणाले असते त्यांना. हे माझ्या तोंडचं 'नाही' होतं, ते तू म्हणून बसलीस." मग खुर्चीवरचा कोट उचलत ती म्हणाली, "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, लेक केपटाऊनला शिकते तिची. अंघोळीचं पाणी आपलं आपण तापवायचं. आणि रोज वर्गावर यायचं."

असे माझे उरलेले दिवस टाऊनशिपमध्ये गेले, आणि खरा प्रवास तिथे सुरू झाला. नोसिफोचं घर विटांचं, पत्र्याच्या छपराचं, आत लख्ख. सकाळी ती मक्याच्या पिठाचा मोकळा, दाणेदार भात करायची आणि त्यावर विरजलेलं थंड दूध. पहिला घास घेतला आणि दापोलीच्या कण्या आणि ताक आठवलं. रविवारी उम्न्कुशो, म्हणजे कांडलेला मका आणि चवळीसारखे दाणे तासन्‌तास शिजवलेले. शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही, फक्त मटणाचा रस्सा घातलाय का, ते आधी विचारा.

शहरात जायला मिनीबस टॅक्सी. नकाशा नाही, थांब्यांवर पाट्या नाहीत. सगळं माणसांना विचारून. भाडं मागून पुढे हातोहात जातं आणि सुट्टे तसेच परत येतात. ड्रायव्हरशेजारी बसाल तर सगळ्यांचा हिशेब तुमच्या गळ्यात पडतो. गणिताच्या बाईने तिथे आनंदाने बसावं. उतरायचं असेल तर ओरडायचं "आफ्टर रोबोट!" तिकडे सिग्नलला रोबोट म्हणतात.

सुरक्षिततेचं तुम्ही विचारणारच. होय, चोऱ्या होतात, मारामाऱ्या होतात. अंधार पडायच्या आत घरी, फोन पिशवीत, अनोळखी गल्लीत एकटं नाही. हे नियम मला नोसिफोने घातले, कारण ती स्वतः ते पाळते. ती भीती तिथे राहणाऱ्या बायकांना रोजची आहे. आपण सहा आठवडे जाऊन ती स्वतःच्या शौर्याच्या गोष्टीत वापरू नये. मला तिथे कोणी दुखावलं नाही. शेजारणीने गरम मोजे मात्र दिले.

पालकांची सभा शाळेच्या सभागृहात झाली. बाया जास्त, आज्या त्याहून जास्त, सगळ्या कोटात आणि शालीत. मुख्याध्यापक दुष्ट माणूस नव्हता. थकलेला होता. त्याने निकालाचे आकडे सांगितले, शिक्षक मिळत नाहीत ते सांगितलं. मग नोसिफो उभी राहिली. ती खोसात बोलत होती. झिंत्ले माझ्या शेजारी बसून कानात इंग्रजी करत होती.

"मॅम म्हणतायत, शिक्षक नसेल तर मी शिकवीन, सकाळी शाळेच्या आधी." मग, "मॅम म्हणतायत, निकाल चांगला दिसावा म्हणून मुलांकडून विषय काढून घेणं म्हणजे ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर फोडणं."

मागून एक गृहस्थ उठले. माझ्याकडे बोट. "ही परदेशी बाई आता शिकवते म्हणून मुलं थांबतात. बाई, तुम्ही पुढच्या वर्षी असणार आहात?"

सगळ्या माना माझ्याकडे. परत येईन, असं म्हणायचा मोह झाला. इंशाल्ला म्हणून निसटणं तर फारच सोपं होतं, आखातात वीस वर्षं राहून तेवढं येतं. पण ते खोटं झालं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मी पुढच्या आठवड्यात जाते."

कोणीतरी उपहासाने हसलं. मुख्याध्यापकांनी हात पसरले, बघा म्हणून. तेव्हा पहिल्या रांगेतली एक आजी काठीवर जोर देत उठली. झिंत्ले पुटपुटली, "माझी आजी." आणि आजी बोलू लागली तशी झिंत्लेचा आवाज कापायला लागला, पण ती थांबली नाही.

"ही जाणार आहे. आजवर जे आले ते परत येतो म्हणाले आणि आले नाहीत. हिने तोंडावर सांगितलं, ते बरं झालं. मी हिच्याबद्दल बोलतच नाहीये. मी शाळेत होते तेव्हा गोऱ्यांच्या सरकारने ठरवलं होतं, काळ्या पोरीला गणित कशाला, ती तर भांडी घासणार. आणि मी भांडी घासली. चाळीस वर्षं. तेव्हा शत्रूने ठरवलं होतं. आज या खोलीत शत्रू कुठे आहे? सगळे आपलेच आहेत. तर मग आपणच आपल्या पोरींना म्हणणार का, गणित कशाला?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईने गाणं सुरू केलं, बसल्या जागी, खालच्या पट्टीत, आणि हळूहळू सगळं सभागृह उठून गाऊ लागलं. तिथे माणसं सहमती अशी देतात, हे मला नंतर कळलं. मी खोसातलं एक अक्षरही न समजता रडत होते. झिंत्लेने मला कोपराने ढोसलं. "मिस, रडू नका. अजून ठरलेलं नाही."

ठरलं ते असं: दहावीत खऱ्या गणिताचा एक वर्ग राहील, जी मुलं स्वतः मागतील आणि वर्षअखेरच्या परीक्षेत टिकतील त्यांच्यासाठी. शिकवणार नोसिफो, सकाळी शाळेच्या आधी, जादा पगाराशिवाय. पूर्ण विजय नव्हता. संस्थेचा कागदही बंद झाला. पालकांनी आळीपाळीने गठ्ठे आणायचं कबूल केलं.

निरोपसमारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी नोसिफोने चाचणीचे पेपर माझ्यापुढे टाकले. "हे तपासून जा." झिंत्लेला अर्ध्याहून थोडे जास्त गुण होते. खूप मुलं नापास होती. पण दोन छेद सहा फक्त चौघांनी लिहिलं. विमानतळावर नोसिफोने मला घट्ट धरलं आणि कानात काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ विचारला तर म्हणाली, "शिकून घे."

बहरीनला उतरले तर दारातून बाहेर पडताच चष्म्यावर वाफ. शेखरने बॅग घेतली, मिहिकाने मिठी मारली आणि म्हणाली, "यू स्मेल ऑफ स्मोक, आई." नोसिफोच्या शेजारणीच्या चुलीचा धूर होता तो. नलूताईंचा फोन आला: मंडळात स्लाइड शो कर ना, तिथल्या गरिबीवर. मी म्हटलं, फोटो नाहीत. पण वर्णभेदात गणित कोणाला शिकवायचं नाही असं कसं ठरवलं होतं, त्यावर बोलते. त्या म्हणाल्या, "कळवते." अजून कळवलेलं नाही.

काय उरलं? खरं सांगायचं तर, मी गेले नसते तरी नोसिफो भांडलीच असती. आजी उठलीच असती. त्यांच्या लढ्यात मी सहा आठवडे खडू धरला, एवढंच. तुम्हालाही जायचं असेल तर जरूर जा, पण शिकवता येत असेल तरच शिकवायला जा. तिथल्या शिक्षकाला विचारा, तुमच्याकडून काय हवंय, आणि ऐका. फोटो काढू नका. परत येईन, असं म्हणू नका. आणि कोणी तुमच्या वयाचं, एकटेपणाचं, त्या वस्तीच्या रंगाचं नाव काढलं तर पुरी खाऊन गप्प बसू नका.

जानेवारीत त्यांचं नवं शालेय वर्ष सुरू झालं. दहावीत गणिताचा वर्ग भरतो, लहानसा. सेबिसा आहे. खोलानीने व्यवहारगणित घेतलं आणि तो खूश आहे. वाईट मला वाटलं, त्याला नाही. झिंत्ले आहे.

परवा तिचा निरोप आला, वर्गसमीकरणाचं एक उदाहरण अडलंय म्हणून. मी सीफ मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीतच होते. रेकॉर्ड करून उत्तर पाठवणार, तेवढ्यात नोसिफोचा फोन.

"तिने तुला विचारलंय ना? सांगू नकोस."

"अगं, पण मला येतं ते."

"मलाही येतं, सीसी. आता तिला येऊ दे."

मी रेकॉर्डिंग पुसलं. जिवावर आलं, पण पुसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी झिंत्लेचा आवाज आला, मागे सगळ्या वर्गाचा गलका.

"मिस, सुटलं. तुम्हाला जमत नव्हतं का? थांबा, मी समजावून सांगते."